केडगावच्या कृपेचा हिशेब

पंडिता रमाबाईंचं नाव निघालं की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं. "बाई मोठ्या होत्या, त्यात वाद नाही, पण ती सगळी दया धर्मांतरासाठीच होती ना?" एवढं बोलून माणूस चहाकडे वळतो. निकाल लागलेला असतो. बाईंची संस्कृतची विद्वत्ता, दुष्काळातली धावपळ, केडगावच्या माळावर उभं केलेलं मुक्ती मिशन, सगळं त्या एका वाक्याच्या पोटात जातं. मला या वाक्याशी भांडायचं आहे, पण त्याआधी ते जितकं मजबूत करता येईल तितकं करून घेतो. लेच्यापेच्या आरोपाला उत्तर देण्यात काही मर्दुमकी नाही.

आरोप असा: भुकेल्या मुलीला भाकरी द्यायची आणि तिच्या असहायतेचा फायदा घेऊन तिचा देव बदलायचा, ही दया नव्हे, सौदा आहे. निःस्वार्थ नेतृत्वाच्या गोष्टी तर सांगूच नका. ज्या आवारात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होते तिथे स्वार्थ असतोच, फक्त तो पैशाचा नसतो, पंथाचा असतो. ख्रिस्ती दया म्हणजे गळाला लावलेलं आमिष.

यात दोन वेगवेगळ्या गोष्टींची गुंतवळ झाली आहे. एक हेतूची, दुसरी दबावाची. दबावाचा प्रश्न गंभीर आहे, त्याकडे नंतर येतो. हेतूचा प्रश्न मात्र मला पोकळ वाटतो.

रमाबाईंनी आपला हेतू कधी लपवला नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो चोरून नव्हे, आणि केडगावचं मुक्ती सदन पहिल्या दिवसापासून उघडउघड ख्रिस्ती संस्था होती. आता हेतू आहे म्हणून दया खोटी, असा नियम करायचा असेल तर तो सर्वांना लावा. १८९६ ते १९०० या दुष्काळी वर्षांत आर्य समाजानेही अनाथाश्रम काढले. लाला लजपतराय त्या कामात पुढे होते आणि हिंदू मुलं मिशनऱ्यांच्या हाती जाऊ नयेत हा हेतू त्यांनी मोकळेपणाने सांगितला होता. त्या मुलांना मिळालेली भाकरी खोटी होती का? ज्याला काहीच साधायचं नाही असा माणूस दुष्काळात शेकडो मुलींचं ओझं डोक्यावर घेत नाही, तो वर्गणी देतो आणि झोपतो.

विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे: या दयेची किंमत कोणी मोजली?

ही कसोटी मी बाहेरून आणलेली नाही, ती रमाबाईंनी स्वीकारलेल्या धर्माच्या घरातलीच आहे. लूककृत शुभवर्तमानातला शोमरोनी वाटेवर लुटल्या गेलेल्या माणसाच्या जखमा बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेच्या मालकाला दोन नाणी देतो आणि वरचा खर्च परतताना भागवीन म्हणून सांगतो. जखमी माणसाला तो कुठला, कुणाचा, कोणत्या डोंगरावर उपासना करतो, असं एका शब्दाने विचारत नाही. सगळी गोष्ट चालते ती वाचवणाऱ्याच्या खर्चाने. आणि एक माणूस आपल्या मताचा करून घेण्यासाठी समुद्र आणि जमीन पालथी घालणाऱ्या धर्मपंडितांना येशू किती झोडपतो, ते मत्तयच्या तेविसाव्या अध्यायात वाचावं. म्हणजे आमिषाची दया ख्रिस्ती धर्माच्या स्वतःच्या मापाने नापास ठरते. त्याच मापाने केडगाव मोजू.

आधी पुणं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीला शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. उच्चवर्णीय विधवांसाठीची ही शाळा धार्मिक बाबतीत तटस्थ राहील या बोलीवर बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षं पैसा देण्याचं मान्य केलं होतं. सदनात हिंदू मुलींचे आचार पाळण्याची मोकळीक होती. या तटस्थपणावर मिशनरी मंडळी नाराज होती, हे आपण सोयीने विसरतो. हाती आलेल्या विधवांना ही बाई ख्रिस्त सांगत नाही म्हणजे काय, असा त्यांचा सूर होता. इकडे रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करत, दार उघडं असे आणि काही मुली येऊन बसत. त्यांना हाकलायला बाई तयार नव्हत्या. 'केसरी'ने रान उठवलं. ऑगस्ट १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि वीसेक मुलींना पालकांनी काढून नेलं.

पुण्याच्या बाजूने बोलायचं तर पालकांची भीती अगदीच निराधार नव्हती. संस्थेच्या प्रमुख बाईंची खोली आणि शेजारच्या बिऱ्हाडाची खोली यात फरक असतो. तेरा-चौदा वर्षांची बालविधवा, घरी जिचं तोंड पाहणंही अपशकून, तिला जी बाई पहिल्यांदा माणूस म्हणून वागवते त्या बाईचा देवही तिला जवळचा वाटणार. हे मला मान्य आहे. पण मग या गळाला पहिल्याच मुलीपासून मासा का लागला नाही? शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई चारेक वर्षं तिथे राहिली, शिकली, आणि मार्च १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. ती ख्रिस्ती झाली नाही, आनंदीबाई झाली. मराठी वाचकांची 'बाया कर्वे', 'माझे पुराण' लिहिणारी. कर्व्यांच्या मुरूड गावी बहिष्कार पडला तो या विवाहापायी. ज्या घरातून पुढे हिंगण्याचा विधवाश्रम उभा राहिला, त्या घरातली बाई रमाबाईंच्या हाताखाली शिकलेली होती.

आणि रमाबाईंना या सगळ्यात काय मिळालं? सनातनी आधीच विरोधात होते. आता सुधारकही गेले, आणि ते जाणं जास्त महाग होतं, कारण पुण्यात बाईंचं जे काही वजन होतं ते याच लोकांत होतं. एक दार लोटून घेतलं असतं तर सगळं राहिलं असतं. स्वार्थी माणूस दार लोटून घेतो. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्येच 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली होती, पण १८९३ साली जोतीराव हयात नव्हते.

इथवरचा वाद ब्राह्मण विधवांचा होता. पुढचा भाग त्याहून मोठा आहे, आणि गंमत म्हणजे आमिषवाले त्यावर फार बोलत नाहीत.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई तिकडे गेल्या. दुष्काळ म्हणजे काय हे त्यांना सरकारी अहवालातून कळायचं नव्हतं. १८७४ च्या सुमारास सुरू झालेल्या टंचाईत त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि मोठी बहीण मद्रास इलाख्यात एकापाठोपाठ गेली. उरलेली रमा आणि भाऊ श्रीनिवास अनवाणी देशभर फिरले. झेलमच्या काठी थंडीत वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून झोपल्याची आठवण त्यांनी लिहून ठेवली आहे. पुराणं मुखोद्गत असलेल्या त्या मुलीला भीक मागताना तोंडातून शब्द फुटत नसे. मध्य प्रांतातल्या अन्नछत्रांत आणि अनाथगृहांत तिला तीच मुलगी शेकड्यांनी दिसली. फरक एवढाच की या मुलींच्या मागे दलालही फिरत होते. भुकेल्या मुलीला दोन घास देऊन पळवण्याचा धंदा तेजीत होता. आमिष हा शब्द खरा कुठे लागू पडतो ते इथे दिसतं.

त्यांनी सुमारे ३०० मुली आणि तरुण बाया आणल्या. त्या निरनिराळ्या जातींच्या होत्या, कित्येक आजारी, उवांनी भरलेल्या, अन्न दिसताच एकमेकींवर तुटून पडणाऱ्या. पुण्यात प्लेग आला होता. नव्या माणसांना शहरात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली, तेव्हा दौंडच्या वाटेवर केडगावला शारदा सदनाच्या उत्पन्नासाठी म्हणून फळबागेला घेतलेली सुमारे १०० एकर जमीन होती, तिथे झोपड्या घातल्या. २४ सप्टेंबर १८९८ रोजी मुक्ती सदनाचं रीतसर उद्घाटन झालं. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी बाया-मुली आल्या आणि आवारातला आकडा २००० च्या जवळ गेला. शारदा सदन हे ब्राह्मण घरांचा मान राखून चालवलेलं वसतिगृह होतं. केडगावला मात्र तेलीण, कुणबीण, महारीण एका पंगतीला बसल्या. पुण्यातल्या ज्या सद्गृहस्थांनी १८९३ मध्ये वीस मुलींच्या धर्मासाठी जिवाचं रान केलं, त्यांच्यापैकी किती जण या दोन हजारांपैकी दहा जणींना आपल्या घरी न्यायला पुढे आले असते? प्रश्न कडवट आहे, पण 'त्यांना मिशनऱ्यांच्या हाती का जाऊ दिलं' असं विचारणाऱ्याला तो ऐकावा लागेल.

याच १८९७ साली आणखी एक गोष्ट घडली. पुण्याच्या प्लेग बंदोबस्तात स्त्रियांची जी विटंबना होत होती आणि प्लेगच्या इस्पितळात आपल्या मुलींबाबत जी बेपर्वाई झाली, तिच्याबद्दल रमाबाईंनी 'बाँबे गार्डियन'ला पत्र लिहिलं. ते विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत पोचलं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप झटकून टाकले. ज्या बाईला सरकारच्या आणि गोऱ्या ख्रिश्चनांच्या मर्जीने पंथ वाढवायचा आहे, ती असली पत्रं छापून आणत नाही. प्लेग अधिकारी रँडवरचा राग पुण्यात कुणाकुणाला होता याची यादी करताना आपण या ख्रिस्ती बाईचं नाव घालायला विसरतो.

मग कृपा सदन. १८८० च्या दशकात इंग्लंडमध्ये असताना वाँटेजच्या मठातल्या भगिनींनी रमाबाईंना लंडनमधलं फुलहॅमचं घर दाखवलं होतं. तिथे 'पतित' म्हणून टाकलेल्या बायांना ठेवून घेत, माणसासारखं वागवत, कामाला लावत. रमाबाईंना शास्त्रं पाठ होती, आणि अशा बाईला शास्त्र काय सांगतं तेही पाठ होतं. तिच्यासाठी परतीची वाट असते हेच त्यांना नवं होतं. हे कशामुळे, असं त्यांनी विचारलं तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली. आपलं मन ख्रिस्ताकडे वळलं ते इथे, असं त्या स्वतः सांगतात. केडगावला त्यांनी अशा बायांसाठी जे घर काढलं ते कृपा सदन. पुढे अंध मुलींसाठी बार्तिमी सदन झालं आणि रमाबाईंच्या मुलीने, मनोरमाबाईंनी, तिथे ब्रेल आणली. सदनातल्या बाया हातमाग, तेलघाणा, दूधदुभतं, शेती शिकल्या, आणि छापखान्यात खिळे जुळवायलाही. दया घेणारी बाई दहा वर्षांनी कुठे उभी आहे हेही पाहावं लागतं. आमिषाला मासा मोठा होऊन पोहून गेलेला नको असतो; इथे तर त्याला पोहायला शिकवत होते.

आता दबाव. इथे मी रमाबाईंच्या भक्तांशीही सहमत नाही. आठ-नऊ वर्षांची मुलगी, मायबाप दुष्काळात गेलेले, परतायला गाव नाही, आणि आजूबाजूला शेकडो मुली एकच प्रार्थना म्हणतात. तिने बाप्तिस्मा 'स्वेच्छेने' घेतला हे वाक्य माझ्याने उच्चारवत नाही. १९०५ मध्ये केडगावला धार्मिक संजीवनाची लाट आली. मुली तासन्‌तास रडत, ओरडत, प्रार्थना करत, आणि रमाबाईंनी ते देवाचं काम मानलं. ज्यांचं अन्नवस्त्र त्याच छपराखाली आहे अशा मुलांमधली ही सामुदायिक भावविवशता पाहून मला अस्वस्थ वाटतं. शारदा सदनातल्या मुलीला काढून न्यायला निदान पालक होते. केडगावच्या मुलीला 'नाही' म्हणून जायला जागाच नव्हती. शोमरोन्याच्या मापाने इथे केडगावचे गुण कापावे लागतात, आणि ते कापायला माझी हरकत नाही. पण गुण कापणं वेगळं आणि फसवणुकीचा शिक्का मारणं वेगळं. आईबाप आपल्या लेकराला आपला देव देतात तेव्हाही लेकराला विचारत नाहीत. रमाबाई त्या मुलींच्या आई झाल्या आणि आईचा हा दोष त्यांनी घेतला. फसवणारा मात्र आधी एक दाखवतो आणि मग दुसरं देतो. केडगावच्या फाटकावर काय मिळेल हे सगळ्या पुणे जिल्ह्याला माहीत होतं.

आमिषवाल्यांना एवढं उत्तर पुरे. या वादात दुसरी एक बाजू आहे, आणि तिचा मला जास्त राग येतो. ती व्यासपीठावरून, कधी उपदेशपीठावरून बोलते. तिच्या मते रमाबाई म्हणजे नम्रतेचा पुतळा: स्व सोडलेल्या, मान खाली घातलेल्या, सगळं सोसणाऱ्या. निःस्वार्थ नेतृत्व म्हणजे स्वतःचं मतच नसणं, अशी ही समजूत आहे.

वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांनी जमवलेला रमाबाईंचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांनी संपादित करून प्रसिद्ध केला. शहा ख्रिस्ती नव्हते, सेक्युलर चळवळीतले होते. ती पत्रं वाचताना नम्रतेचा पुतळा पहिल्या काही पानांतच कोसळतो. त्रैक्याचं तत्त्व मला पटवून द्या, नाहीतर मी मानणार नाही. क्रूसावरचे शब्द लॅटिनमध्ये कशाला, संस्कृतात का नकोत? अंडं घातलेलं पुडिंग मी खाणार नाही. जेराल्डीनबाईंना यात गर्व दिसला. चेल्टनहॅमला रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं मुंबईच्या बिशपांनी कळवलं, तेव्हा बाई उसळल्या. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून नुकती सुटले आहे, दुसरं मानेवर घ्यायला मी मोकळी नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. नवख्रिस्ती, परक्या देशात, परक्याच्या अन्नावर असलेली पंचविशीतली विधवा हे लिहिते.

ख्रिस्ती परंपरेत पाय धुण्याची गोष्ट नेतृत्वाचा नमुना म्हणून सांगतात. त्या गोष्टीत गुरू शिष्यांचे पाय धुतो. उपदेशपीठावर मात्र तिचा उपयोग बहुतेक वेळा खाली बसलेल्यांना वाकायला शिकवण्यासाठी होतो, आणि दयेचंही तसंच होतं. २००२ मध्ये बोस्टनच्या कॅथलिक धर्मप्रांतातलं प्रकरण बाहेर आलं. मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना वर्षानुवर्षं एका पॅरिशमधून दुसरीकडे हलवलं जात होतं. डिसेंबरमध्ये कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना पद सोडावं लागलं. त्या झाकपाकीच्या मुळाशी संस्थेची अब्रू वाचवण्याची धडपड होती, पण तिच्या भाषेत पश्चात्ताप होता, क्षमा होती, आणखी एक संधी होती. ही दया कोणी केली? वरच्यांनी. किंमत कोणी मोजली? मुलांनी. ज्याचं काही गेलेलं नाही त्याने दुसऱ्याच्या जखमेवर उदार व्हायचं, हा प्रकार दयेच्या नावाने जितका चालतो तितका क्वचितच कशाच्या नावाने चालत असेल. आणि तो फक्त चर्चमध्ये चालतो असं समजू नका. त्याआधी शंभरेक वर्षं याच बोस्टनमधल्या लोकांच्या पैशावर पुण्यातल्या विधवा शिकत होत्या. एका शहरात दोन्ही प्रकार मावतात.

रमाबाईंच्या दयेत खर्च त्यांचा स्वतःचा आहे: मित्र, शहर, कीर्ती, शांतता. त्यांनी सोडला तो लाभ, मत सोडलं नाही. मत सोडलं असतं तर १८८५ मध्ये बिशपांनी, १८९३ मध्ये पुण्याने आणि १८९७ मध्ये गव्हर्नरने त्यांना गुंडाळून ठेवलं असतं आणि केडगाव झालंच नसतं. निःस्वार्थ नेता मऊ असावा ही अपेक्षा प्रामुख्याने त्याच्या वरच्यांची असते.

टीकाच करायची असेल तर एक ठोस जागा दाखवतो. दोन हजार माणसांची संस्था एका बाईच्या इच्छाशक्तीवर उभी होती, आणि तिच्यानंतर कोण या प्रश्नाचं उत्तर होतं तिची मुलगी. मनोरमा लायक होती, शिकलेली होती, कामात आयुष्य घातलेली होती, पण मुलगी होती. दुष्काळातून आणलेल्या, केडगावलाच वाढलेल्या शेकडो बायांपैकी एखादीच्या हाती सूत्रं द्यावीत असं झालं नाही. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. रमाबाई शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलच्या मराठी भाषांतरात गढलेल्या होत्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या. ते बायबल १९२४ मध्ये निघालं. त्याचे खिळे केडगावच्या बायांनीच जुळवले होते. ज्या हातांना एवढं काम जमलं त्यांना कारभार जमला नसता का, असं रमाबाईंच्या टीकाकारांनी आजवर विचारलेलं मी ऐकलं नाही. त्यांना फक्त त्या हातांचा धर्म मोजायचा असतो.